पऱ्हाटीच्या बदल्यात तुराटी

गाडी भरून निघाली तेव्हाच आबासाहेब म्हणाले होते, "सूनबाई, ही पऱ्हाटी गावातून जायली न्हाई बरं का. नुसती गल्ली बदलायली."

माधवीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या कडेवर अपेक्षा होती, चार महिन्यांची, आणि सकाळपासून दोनदा शिंकली होती. जिचं लेकरू दोनदा शिंकलंय तिला दारात उभं राहून सासऱ्याशी वाद घालायला सवड कुठली? "मामा, सरजामायची पावसाळ्याची सोय होईल की," एवढं म्हणून ती आत गेली. मनातून जरा खूशच होती. ठराव पाळला गेला, वर एका म्हातारीचं भलं झालं.

आता वेचून झालेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाटीवर, एवढं बोलणं कशाला, ते सांगायला पाहिजे. झरीच्या फाट्यावरून आत गेलं की लागणारं हे गाव. आधीच्या साली गुलाबी बोंडअळीनं इथं असा धुमाकूळ घातला की वेचणीला गेलेल्या बाया रिकामी ओटी घेऊन बांधावर बसून राहिल्या. बोंड वरून टणक, हिरवंगार. फोडलं की आत अळी पाय पसरून पडलेली. मग तालुक्याहून पत्र आलं, सरपंच कुसुमबाईंनी ग्रामसभा बोलावली आणि ठराव झाला. डिसेंबरनंतर कपाशी रानात उभी ठेवायची नाही. फरदडीच्या, म्हणजे उशिराच्या जादा वेचणीच्या, लालचेनं पाणी देत बसायचं नाही. फेब्रुवारी सरायच्या आत पऱ्हाटी उपटून तिची कुट्टी करायची, दारात गंज लावायची नाही, कारण झाडाला लटकून राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी उन्हाळाभर झोपून राहते. आणि जून लागल्याशिवाय सरकी मातीत जाऊ द्यायची नाही. ज्याच्या दारात पऱ्हाटी दिसेल त्याचं नाव शाळेसमोरच्या फळ्यावर. ही शिक्षा दंडापेक्षा जबर होती, कारण फळ्यासमोरच एसटीचा थांबा होता. सोयरेधायरे उतरले की आधी फळा वाचणार.

नोंदवही कुणी ठेवायची म्हटल्यावर सगळ्यांनी माधवीकडं बघितलं. परभणीहून बी.एस्सी. झालेली, अक्षर नेटकं, आणि मुख्य म्हणजे स्वभाव. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही असं गावात म्हणायचे, आणि ते खरंच होतं. अपेक्षा झोपली की ती तिच्या छातीवर अलगद हात ठेवून श्वास मोजायची. गॅस बंद आहे का ते तीनदा बघायची. नवरा, बालाजी, म्हणायचा, "अजून एकदा बघ. तिसऱ्या वेळी तूच चालू केला असशील."

तिनं तलाठ्याकडून खातेदारांची यादी उतरवून घेतली. एकशे बारा नावं. दारोदार फिरून, गोठ्यामागं डोकावून, एकेका नावापुढं खूण केली. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी एकशे बारा खुणा पूर्ण झाल्या. कृषी सहाय्यक सिद्धोधन सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "वहिनी, माझ्याकडं नऊ गावं हायेत. असं एक बी न्हाई." त्या दिवशी माधवीनं वही देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक वळीव शिडकून गेला. पेरणीआधी अंदाज घ्यावा म्हणून सिद्धोधन सरांनी गावाच्या कडेनं पाच कामगंध सापळे टांगले होते. वर मादीच्या वासाची गोळी, खाली लांबट पिशवी. नर पतंग वासाला भुलून येतो आणि पिशवीत पडतो. रोज सकाळी पतंग मोजून लिहायचं काम अर्थातच माधवीकडं आलं. चार सापळ्यांत शून्य, एक, शून्य, दोन असं चाललं होतं. पाचवा सापळा सरजाबाईच्या कुंपणाजवळच्या लिंबाला होता. त्यात पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी अकरा आणि तिसऱ्या दिवशी एकतीस.

तिनं पिशवी झटकून पुन्हा मोजले. एकतीस. सरांना फोन लावला.

"एकतीस? एका रात्रीत?" सरांनी विचारलं. "वहिनी, आता उडालेत त्याची फिकीर नका करू. रानात कपाशीच न्हाई, अंडी कुठं घालतील? तसेच मरतील. फिकीर हाय ती अजून आत झोपलेल्यांची. कपाशीला पात्या-फुलं लागल्यावर ते उठले, तर गेल्या सालासारखंच होईल. तिथं जवळ पऱ्हाटी हाय का बघा."

"एकही नाही. मी स्वतः खुणा केल्यात. सरजामायकडं आमची एक गाडी सरपणाला गेली तेवढीच, ती तर जळूनही गेली असेल."

"बघा तर खरं."

अपेक्षाला टोपडं बांधून ती सरजाबाईकडं गेली. सरजाबाई म्हणजे गावाच्या टोकाला पत्र्याच्या एका खोलीत राहणारी सत्तरीची म्हातारी. शेत नाही, एकुलती लेक सोनपेठला दिलेली. सगळ्या गावाची कपाशी तिनं वेचली होती आणि वेचणीवरून येताना दरसाल डोक्यावर पऱ्हाटीची मोळी आणून तीच वर्षभर जाळली होती. गॅसची टाकी होती घरात. तिच्यावर तिनं पाण्याची कळशी ठेवली होती.

माधवी घरामागं वळली आणि जागेवरच थबकली. पत्र्याच्या वर डोकं काढून पऱ्हाटीची गंज उभी होती. खोलीपेक्षा उंच, खोलीपेक्षा रुंद, आणि रचलेली अशी सुबक की हात फिरवावासा वाटावा.

"ये माय, ये," सरजाबाई कौतुकानं म्हणाली. "लेकराला उन्हाचं कामून आणलीस? सावलीत ये. बघितलीस का माझी गंज? खाली जाड, वर बारीक. पावसाळ्यात बांधानं काटक्या येचत फिरायची कटकट मिटली. जन्मात पहिल्यांदा झड लागली तर आडवं पडून ऐकणार हाय मी."

"माय, एवढी पऱ्हाटी आली कुठून?"

"आली कुठून म्हंजे? तुमीच आणून टाकली की. ही जाड बुंध्याची महारुद्राची, काळ्या रानातली. दोन ट्रॉल्या. ही सरपंचबाईची. ही तिकडची बुटकी तुमची. तुमच्या रानाला पाणी कमी." तिनं बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं. "सतरा खेपा झाल्या. समदे येऊन एकच म्हणायले, माय, तुमची सोय झाली."

 फेब्रुवारीच्या त्या शेवटच्या आठवड्यात ज्याला ज्याला कुट्टीचा कंटाळा आला, त्यानं त्यानं गाडी इकडं वळवली होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की हे पुण्य आपल्या एकट्याला सुचलं. ठराव खातेदारांना लागू. सरजाबाई खातेदार नव्हती. एकशे बारा घरं चकचकीत, आणि सगळ्या गावाची अळी एका म्हातारीच्या दारात येऊन निजलेली.

तिनं गंजीतली एक काडी ओढली, तिला चिकटलेलं काळपट बोंड तोडलं आणि नखानं फोडलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या वेगळ्या केल्या तर मध्ये अळी, अंगाची मुटकुळी करून पडलेली. ऊन लागताच वळवळली.

सरजाबाईनं डोळे बारीक करून बघितलं. "एवढीशी? हिला भ्यायलीस व्हय?"

"गेल्या साली तुमची ओटी रिकामी राहिली ना माय, ती हिच्यामुळंच."

म्हातारीनं ते बोंड हातात घेऊन बघितलं. मग तिचा आवाज बदलला. "मंग आता जाळणार म्हणा की माझी गंज. मी आले होते का कुणाच्या दारात मागायला? देताना सोय म्हणलात. आता तीच सोय तुमाला चावायली."

 अपेक्षा गंजीकडं हात करून हसत होती. घरी परतताना माधवीला सासऱ्यांचे शब्द आठवत होते. आणि दारात पोचली तर आबासाहेब बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "मामा, तुम्ही म्हणाला होता तेच झालं."

"मी म्हणलो खरं," आबासाहेब म्हणाले, "पर बैल तर मीच हाकले की."

दिवस कलताना ग्रामपंचायतीपुढं माणसं जमली. सिद्धोधन सर मोटारसायकलवरून आले. सरजाबाईलाही कुणीतरी बोलावून आणलं. ती उंबऱ्याबाहेर, खांबाला टेकून बसली. महारुद्रनं बसायच्या आधीच तोंड उघडलं. गावातला मोठा ट्रॅक्टर त्याचा, आवाजही ट्रॅक्टरसारखाच.

"बैठक कशाला पाहिजे याला? सकाळी एक काडी ओढू, काम तमाम. अन् म्हातारीचं नाव फळ्यावर लिहा. नियम म्हंजे नियम."

 माधवीच्या मांडीवर अपेक्षा वहीचा कोपरा चोखत होती. ती उठली, वही लेकराच्या तोंडातून सोडवली आणि म्हणाली, "लिहू की भाऊजी. पण मग गाड्यांसकट लिहू. पहिलं नाव महारुद्र, दोन ट्रॉल्या. दुसरं सरपंचबाई, एक गाडी. तिसरं आबासाहेब, म्हणजे आमचंच घर, एक गाडी. ती मी स्वतः उभी राहून भरून दिली. आणि वहीत आमच्या नावापुढं कुट्टी झाल्याची खूणही मीच केली."

कुणीतरी फिसकन हसलं. पण सरजाबाईकडून वहीत उतरवून घेतलेल्या खेपा ती वाचत राहिली तशी हसणारी तोंडं एकेक करून मिटत गेली. सतरा खेपा होईस्तोवर सगळे जमिनीकडं बघत होते.

"मला वाटलं मी एकटीनंच दिली," कुसुमबाई पुटपुटल्या.

"मला बी तसंच वाटलं," मागून दोघंतिघं म्हणाले.

"सगळ्यांनाच वाटलं," सिद्धोधन सर म्हणाले. "आता भांडून काय उपयोग? मृगाआधी ती पऱ्हाटी बारीक व्हायला पाहिजे. जाळू नका, कुट्टी करून खड्ड्यात टाका, खत तरी होईल."

तेव्हा खांबाजवळून आवाज आला. "अळी मला बी नको. मी बी वेचणीच करते, मला कळतंय. पर झड लागल्यावर मी चुलीत काय घालू? तुमचा फळा घालू व्हय?"

आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले. त्या हसण्यात माधवीनं आपलं म्हणणं पुढं सरकवलं. दुपारभर ते तिच्या डोक्यात घोळत होतं. "आपल्या सगळ्यांच्या गोठ्यामागं तुराट्या पडल्यात. ज्यानं जेवढी पऱ्हाटी दिली, त्यानं तेवढी तुराटी द्यायची. सर, तुरीच्या काडीत ही अळी राहते का?"

"न्हाई राहत. तिला कपाशीचं बोंड लागतं."

"ओ वहिनी," महारुद्र म्हणाला, "तुराट्या मला शेडच्या कुडाला लागत्यात."

"अन् तुराटी भुर्रकन जळती," सरजाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "पऱ्हाटीचा इस्तू टिकतो, तिचा टिकत न्हाई. एका गाडीला दीड गाडी पाहिजे. आणि आधी तुराटी येईल, मंगच पऱ्हाटी जाईल. एकदा सोय झाली, आता नुसत्या शब्दावर न्हाई भुलत मी."

"माय, तुमाला तालुक्याला पाठवायला पाहिजे होतं," महारुद्र म्हणाला.

"तू दोन ट्रॉल्या टाकल्यास, तुला तीन लागत्यात. आधी त्या भर, मंग मला पाठव."

कुसुमबाईंनी मांडीवर थाप मारली. "झालं. ठराव लिहा."

ठराव लिहिणं सोपं असतं. पहिल्या दिवशी तीन गाड्या आल्या. त्यात पहिली आबासाहेबांची. त्यांनी दीडची पावणेदोन करून आणली. दुसऱ्या दिवशी एकही नाही, कारण निम्मं गाव लग्नाला गेलेलं. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि माधवीला भाकरी गोड लागेना. पाऊस आधी आला तर पऱ्हाटी भिजणार, यंत्रात अडकणार. अळी आत राहणार, आणि मग महारुद्रची काडी. ती सकाळपासून चार वेळा गच्चीवर जाऊन आली. बालाजी म्हणाला, "तू बघायलीस म्हणून ढग थांबायचे न्हाईत." तरी ती पाचव्यांदा गेली.

चौथ्या दिवशी महारुद्र आला. ट्रॉली गच्च भरलेली. सरजाबाई काठी टेकत पुढं झाली, मधली एक तुराटी उपसली आणि बोटांनी दाबली. तिचा भुगा झाला.

"ही गेल्याच्या गेल्या सालची हाय. भिजलेली. हिच्यावर माझी भाकर भाजंल का?"

"आवं माय, जळती की समदी—"

"जळती तर तुझ्याच घरी जाळ. तू तुझ्या शेडला कोणती लावणार हाईस? ती आण."

बघायला वीस-पंचवीस माणसं जमली होती. महारुद्र कानापर्यंत लाल झाला. ट्रॅक्टर फिरवून तो गेला, तेव्हा माधवीला वाटलं, संपलं. आता हा काही परत येत नाही. पण तासाभरात तो आला. शेडच्या कुडासाठी जपून ठेवलेल्या, सरळसोट, पिवळ्याधमक तुराट्या घेऊन. कुणाकडं न बघता त्यानं स्वतः उतरवल्या, आणखी दोन खेपा केल्या, आणि शेवटी जुनी ताडपत्री काढून सरजाबाईच्या अंगावर टाकल्यासारखी टाकली. "ही वरून घाला. न्हाईतर पुन्हा म्हणाल भिजकी दिली."

"गुणाचं हाय लेकरू," सरजाबाई म्हणाली. "फक्त तोंड वाईट."

महारुद्रनं चांगल्या तुराट्या दिल्यावर बाकीच्यांना कसला तोरा? संध्याकाळपर्यंत रांग लागली. पाचव्या दिवशी कुट्टीचं यंत्र आलं आणि सकाळपासून घरघरत राहिलं. धुरळा असा उडाला की माधवीनं अपेक्षाला तीन घरं पलीकडं सासूबाईंजवळ ठेवलं, आणि दर अर्ध्या तासाला जाऊन नाक शिंकरून घेतलं, लेकराचं. गंज उतरत गेली, खड्डा भरत गेला. शेवटची मोळी यंत्रात गेली तसं मागचं सगळं रान एकदम दिसायला लागलं.

माधवीची नजर मात्र खोलीत गेली. खाटेखाली एक मोळी पोत्यानं झाकलेली होती.

"माय?"

"एवढी राहू दे गं," सरजाबाई हळूच म्हणाली. "तव्याला बरी असती. तुमच्याच रानातली हाय, बुटकी."

कुणाला हाक मारावी, असं माधवीच्या मनात येऊन गेलं. मग तिनं पदर खोचला, मोळी उजेडात ओढली आणि खाली बसून एकेक बोंड तोडायला लागली. सरजाबाईही समोर बसली. म्हातारीची बोटं तिच्यापेक्षा चौपट वेगानं चालत होती. साठ सालं तेच तर केलं होतं त्या बोटांनी. तोडलेली सगळी बोंडं चुलीत गेली, तडतडली. राहिलेल्या काड्या नागड्या, स्वच्छ. त्या खाटेखाली परत गेल्या.

पाचव्या सापळ्यात मग बारा आले, चार आले, एक आला. मृगाचा पाऊस पडल्यावर गावानं सरकी टोबली, ठरल्याप्रमाणं, कुणीही दोन दिवस आधी नाही. माधवीनं वहीत एकशे बाराच्या खाली एक ओळ वाढवली: एकशे तेरा, सरजाबाई, जमीन नाही, चूल आहे. सिद्धोधन सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "असा रकाना आमच्या तक्त्यात न्हाई." मग खिशातून पेन काढून त्यांनी स्वतःच्या तक्त्यात हातानं एक रकाना आखला.

आता कपाशी कमरेला लागलीय. माधवी रोज सकाळी चार ओळी चालते आणि फुलं निरखते. अळीनं धरलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंतून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलंच राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. अख्ख्या रानात आतापर्यंत तिला दोन सापडल्या. दोन्ही तोडून तिनं डबीत घालून नष्ट केल्या आणि तरी त्या दिवशी ओळी पुन्हा चालून आली. पण घरी येताना गाणं गुणगुणत होती. बालाजीनं ऐकलं, आणि शहाण्यासारखा गप्प राहिला.

पंचमीला ती माहेरी चाललीय, राणीसावरगावला, पंधरा दिवस. अपेक्षाला आता दोन दात आलेत, ते आजीला दाखवायचेत. सापळ्यांचं बालाजी बघेल, वही आबासाहेब लिहितील. तिला घोर आहे तो एकच. झड लागलीय, ताडपत्री जुनी, आणि सरजाबाई तोंडानं कधी सांगायची नाही की तुराटी भिजली. म्हणून तुमच्यापैकी कुणी या पंधरा दिवसांत झरीच्या फाट्यावरून आत जाणार असाल, तर गावाच्या टोकाला, लिंबाखालच्या पत्र्याच्या खोलीत जरा डोकावून या. सरपण कसं आहे असं विचारू नका, तिला राग येतो. नुसतं म्हणा, माय, चहा टाका. आणि धूर किती होतोय, चहाला किती वेळ लागतोय, तेवढं बघून माधवीला कळवा.